लेकीच्या तायक्वांदोच्या पिशवीत काय हवं?

पेरण्या उरकल्या की शाळांमधून क्रीडा स्पर्धांची परिपत्रकं यायला लागतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलामुलींच्या या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे आपल्या ओळखीचे खेळ. पण आता गावच्या शाळेच्या पटांगणात संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतल्या मुली उंच लाथा मारायचा सराव करताना दिसतात. कुणी कराटे शिकतं, कुणी तायक्वांदो. त्यामुळे गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि शेळीचं कर्ज यांच्या जोडीला एक नवाच प्रश्न येऊ लागलाय : "ताई, पोरीचे सर म्हणतात किट घ्या. किट म्हणजे नेमकं काय घ्यायचं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर बरंच काही अवलंबून असतं. दुकानदार यादीतल्या सगळ्या वस्तू पुढे ठेवतो, आकडा ऐकून घरात कुणीतरी म्हणतं, "पोरीच्या खेळावर एवढा खर्च कशाला?" आणि तिचं जाणं बंद होतं. नाहीतर स्वस्तात मिळालं म्हणून दोन मापं मोठं सामान येतं, ते सामन्यात सरकतं आणि मार नेमका उघड्या जागी बसतो. दोन्हीत नुकसान पोरीचंच. म्हणून आज आपण तायक्वांदोचं उदाहरण घेऊन बोलू. कोणती वस्तू कशासाठी, कोणती प्रत्येकीची स्वतःची हवी, कोणती गटाने मिळून घेतली तरी चालते, आणि स्पर्धेआधी ती तयार कशी करायची, ते पाहू.

आधी खेळ समजून घेऊ

तायक्वांदो हा कोरियाचा खेळ. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ झाला, आणि तेव्हापासूनच त्यात महिलांचेही सामने आहेत. मॅटवर दोघी समोरासमोर असतात, एक निळी आणि एक लाल. या खेळात मुख्य काम पायांचं. छाती-पोटावरच्या गार्डवर ठोसा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्यावर लाथ बसली तर तीन. गिरकी घेऊन मारली तर गुण वाढतात. डोक्यावर ठोसा मारायचा नाही आणि कमरेखाली लाथ मारायची नाही. चुकून मात्र तीही बसते.

एवढं कळलं की सामानाची यादी आपोआप कळते. मार जिथे बसू शकतो तिथे गार्ड. छातीपोटासाठी चेस्ट गार्ड, कोरियन भाषेत त्याला होगू म्हणतात. डोक्याला हेड गार्ड. लाथ अडवताना हात पुढे येतो, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत आर्म गार्ड. पायाला पाय आदळतो, म्हणून नडगीला शिन गार्ड. हाताला बोटं मोकळी राहतील असे ग्लोव्हज. जांघेला ग्रोइन गार्ड. दातांना माउथ गार्ड. आणि या सगळ्यासोबत पांढरा पोशाख, म्हणजे डोबोक, आणि पट्टा. आर्म गार्ड, शिन गार्ड आणि ग्रोइन गार्ड पोशाखाच्या आतून घालायचे असतात. चेस्ट गार्ड वरून.

दुकानात एक गोष्ट लक्षात ठेवा. "कराटे-तायक्वांदो सगळं एकच" असं कुणी म्हणालं तर थांबा. कराटेचा सदरा पुढून उघडा असतो, एकावर एक घेऊन बांधतात. तायक्वांदोचा डोबोक इंग्रजी व्ही आकाराच्या गळ्याचा, डोक्यातून घालायचा. कराटेत लाल आणि निळे ग्लोव्हज लागतात, त्यांची घडण वेगळी. ज्यूदोचा सदरा जाड असतो, कारण तो धरूनच समोरचीला पाडायचं असतं. कुस्तीत लाल आणि निळा कॉस्च्यूम, घोटा झाकणारे बूट आणि रक्त आलं तर पुसायला जवळ रुमाल. एका खेळाचं सामान दुसऱ्या खेळात चालत नाही.

डोबोकचा गळाही पाहून घ्या. काळ्या काठाचा गळा ब्लॅक बेल्टवाल्यांचा. पिवळा, हिरवा, निळा असे रंगीत पट्टे असलेल्या मुलींना पांढरा गळा. दिसायला छान म्हणून काळ्या गळ्याचा घेतला तर स्पर्धेच्या दारात अडचण येते.

पैसे देण्याआधी परिपत्रक

खरेदीला निघण्याआधी सरांकडून किंवा मॅडमकडून स्पर्धेचं परिपत्रक मागून घ्या, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. सामने साध्या गार्डवर आहेत की इलेक्ट्रॉनिक गार्डवर? आयोजक काय देणार आणि आपण काय आणायचं? हेड गार्ड साधा चालेल की चेहऱ्यापुढे पारदर्शक शील्ड असलेला हवा? लहान वयोगटात काही ठिकाणी असा हेड गार्ड मागतात.

इलेक्ट्रॉनिक पद्धत थोडक्यात सांगते. यात पायात खास मोजे घालतात. मोजे आणि अंगावरचा गार्ड मिळून लाथ बरोबर लागली का, किती जोराने लागली, हे मोजतात आणि गुण पडद्यावर दिसतो. असे गार्ड महाग असतात, ते सहसा आयोजक ठेवतात. मोजे मात्र बऱ्याचदा आपले आपण आणायचे असतात. इथे फसायला होतं. दाएदो आणि केपीएनपी या दोन कंपन्यांच्या यंत्रणा मोठ्या स्पर्धांत दिसतात, आणि एका कंपनीचे मोजे दुसरीच्या यंत्रणेवर चालत नाहीत. स्पर्धेत कोणती यंत्रणा आहे ते कळल्याशिवाय मोज्यांवर पैसा घालू नका.

स्वतःचं काय, गटाचं काय

आता खर्चाचा मुद्दा. पूर्ण किट प्रत्येक घराने घ्यायलाच हवं असं नाही. सोपा नियम असा : जे तोंडात जातं आणि जे जांघेला लागतं ते प्रत्येकीचं स्वतःचं. म्हणजे माउथ गार्ड आणि ग्रोइन गार्ड. हे बहिणीबहिणींतही वाटून घ्यायचं नाही, जुनं घ्यायचं नाही. डोबोकही स्वतःचा असावा, पण तो मोठ्या मुलीचा लहानीला आला तरी हरकत नाही. तिसरी गोष्ट शिन गार्ड. ती रोजच्या सरावात लागते, म्हणून जमलं तर स्वतःची.

चेस्ट गार्ड, हेड गार्ड आणि आर्म गार्ड मात्र सामाईक चालतात. दहा मुली शिकतात म्हणून दहा चेस्ट गार्ड लागत नाहीत, मॅटवर एका वेळी दोघीच उतरतात. सरावाला आळीपाळीने घालता येतात. स्पर्धेत आपल्या दोन मुलींचे सामने वेगवेगळ्या मॅटवर एकाच वेळी लागू शकतात, म्हणून लहान मापाचे दोन आणि मोठ्या मापाचे दोन असले की बहुतेक वेळा भागतं. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळे, उलटून घालता येणारे चेस्ट गार्ड मिळतात. सामाईक खरेदीला तेच बरे, एकातच दोन रंग होतात.

आमच्या भागातल्या एका गटाने हे काम नीट बसवलंय. बैठकीत ठराव लिहिला, चार मुलींच्या आयांनी मिळून गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि हप्ता चौघींत वाटून घेतला. प्रत्येक गार्डवर आतल्या बाजूने पक्क्या शाईने नंबर घातला. एक वही ठेवली : कोणता नंबर, कुणाकडे, कधी नेला, कधी आणला, धुऊन आणला का. अवजारं भाड्याने देणाऱ्या गटांना ही वही नवी नाही. फायदा असा झाला की पुढच्या वर्षी आलेल्या मुलींना पहिल्याच महिन्यात मोठा खर्च पडला नाही, आणि "परवडत नाही" म्हणून कुणाचं नाव कापावं लागलं नाही.

जुनं सामान घेताना हाताने तपासा. चेस्ट गार्डचा फोम दाबला की परत फुगतो का? हेड गार्डला आत-बाहेर चिरा आहेत का? पट्टे आणि वेल्क्रो धरतात का? दाबून खड्डा तसाच राहिला किंवा चीर दिसली, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

माप मुलीला घेऊन जाऊनच

कपडा अंदाजाने आणता येतो, गार्ड अंदाजाने आणू नये. मुलीला सोबत न्या, ते शक्य नसेल तर उंची, छातीचा घेर, डोक्याचा घेर आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची लांबी टेपने मोजून कागदावर न्या.

डोबोकचं माप बहुतेक कंपन्या उंचीवरून सांगतात, सेंटिमीटरमध्ये, १३०, १४०, १५० असं. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आकसतं, हे धरून चला. "वाढत्या अंगाची आहे, तीन वर्षं चालेल" असा विचार आपण गणवेशाला करतो, तो इथे करू नका. पायघोळ विजारीत पाय अडकून मुलगी पडते. एक माप मोठा घ्या, आणि गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडून बाह्या आणि विजार आतून दुमडून घ्या. माया कापायची नाही. उंची वाढली की दुमड सोडली, झालं. बाही मनगटापर्यंत आणि विजार घोट्यापर्यंत आली पाहिजे. अंगात घालून तिला उकिडवं बसायला सांगा, पाय डोक्याएवढा उचलायला सांगा. जांघेत ताण आला तर तो डोबोक नको.

चेस्ट गार्ड घातल्यावर दोन्ही हात वर करायला सांगा. गार्ड हनुवटीला लागला तर मोठा आहे. पुढे वाकायला सांगा, वरची कड गळ्याला टोचली तर मोठा आहे. खाली पोट उघडं राहिलं तर लहान आहे. त्याच्या नाड्या पाठीवर बांधतात, त्यामुळे बांधायला दुसरं कुणीतरी लागतं. ही गाठ घट्ट पण एका ओढीत सुटणारी हवी. आई म्हणून हे काम आपण शिकून घ्यावं, मैत्रिणींना शिकवावं.

हेड गार्डने कपाळ आणि कान झाकले पाहिजेत, भुवयांवर उतरून डोळ्यांपुढे येता कामा नये. बांधून डोकं जोरात हलवायला लावा. गार्ड जागेवर राहिला तर बरोबर. मात्र वेणीची, अंबाड्याची जागा आधी ठरवा. उंच अंबाड्यावर हेड गार्ड बसत नाही. मानेजवळ खाली घट्ट वेणी, साधं रबर, आकडे आणि पिना नाहीत.

आतले कपडेही सामानच समजा. छातीला घट्ट आधार देणारी, धातूची तार किंवा हूक नसलेली स्पोर्ट्स ब्रा हवी. हूक लाथेच्या माराने अंगात रुततो. वयात येणाऱ्या मुली हे स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून आपणच विषय काढायचा.

माउथ गार्ड घरी बसवताना

गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथ गार्ड खेळाच्या दुकानात मिळतो. रंग पांढरा किंवा पारदर्शकच घ्या. तोंडातून रक्त आलं तर पंचांना लगेच दिसावं लागतं. पाण्यात किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढेच ठेवा. जास्त ठेवला तर आकार जातो. बाहेर काढून क्षणभर निववा, मग तिने तो वरच्या दातांवर बसवून हलकेच चावायचा, ओठांवरून बोटांनी दाबायचा आणि आतली हवा ओढून घ्यायची. नंतर थंड पाण्यात बुडवायचा. तोंड उघडल्यावरही तो खाली पडला नाही म्हणजे बसला. तो घालून तिला स्वतःचं नाव आणि गावाचं नाव बोलायला लावा, श्वास नीट घेता येतो का पाहा. दुधाचे दात पडत असतील तर तो काही महिन्यांनी पुन्हा घ्यावा लागतो. दातांना तारा लावल्या असतील तर दातांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पांढरा पोशाख आणि पाळी

यावर उघड बोलू. पांढऱ्या विजारीच्या भीतीने मुली स्पर्धेच्या दिवशी "ताप आलाय" सांगून घरी राहतात. वर्षभराचा सराव त्या एका डागाच्या धास्तीत वाया जातो. पाळीत खेळायला मनाई नाही. दुखणं फार नसेल आणि तिला खेळायचं असेल तर तिने खेळावं. आपलं काम तयारीचं.

विजारीच्या आत अंगाबरोबर बसणारी शॉर्ट घालू द्या, ती पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची, म्हणजे वरून दिसत नाही. पॅडवर ग्रोइन गार्ड बसतो का, टोचतो का, हे घरी आणि सरावात आधी घालून पाहायचं. मुलींच्या ग्रोइन गार्डची घडण मुलांच्यापेक्षा वेगळी असते, दुकानात मुलींचाच मागा. पिशवीत जास्तीची विजार, पॅड आणि काळी पिशवी कायम ठेवा, तारीख असो वा नसो. सोबत जाणाऱ्या शिक्षिकेला किंवा ताईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मुलीला कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

धुणं, वाळवणं

नवं सामान थेट स्पर्धेला काढू नका. निदान दोन-तीन आठवडे सरावात वापरा. नवा शिन गार्ड घासतो, नवा डोबोक कडक असतो, माउथ गार्डने सुरुवातीला मळमळतं. हे सगळं सरावातच सरून जाऊ द्या.

डोबोक साध्या थंड पाण्यात धुवा. रक्ताचा डाग पडला तर गरम पाणी बिलकूल नको, त्याने डाग पक्का होतो. लगेच थंड पाण्यात भिजवा, मग साबण लावा. गार्ड मात्र बादलीत बुडवायचे नाहीत. साबणाच्या पाण्यात फडकं पिळून आत-बाहेर पुसायचे, मग स्वच्छ फडक्याने पुसून वाऱ्यावर, सावलीत टांगायचे. कडक उन्हात आणि चुलीजवळ फोम आणि रेक्झिन कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात घामेजलेलं सामान तसंच पिशवीत राहिलं तर बुरशी येते आणि अंगावर खाज, चट्टे उठतात. घरी आल्या आल्या पिशवी रिकामी करायची, ही सवय मुलीलाच लावा. माउथ गार्ड थंड पाण्यात ब्रशने घासून भोकं असलेल्या डबीत ठेवा.

आदली रात्र

पिशवी मुलीने स्वतः भरावी, आपण यादी वाचावी. डोबोक, पट्टा, सगळे गार्ड, जास्तीची विजार, टॉवेल, पाणी, केळी किंवा चपाती-भाजी, चिकटपट्टी आणि बँडेज. कागदांची वेगळी पिशवी : मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा प्रवेश अर्ज, वयाचा दाखला, आणि परिपत्रकात लिहिलेलं बाकी सगळं. हातापायांची नखं कापा. कानातलं, चमकी, बांगड्या, पैंजण, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोटा घरी काढून ठेवा. मॅटवर धातूची किंवा दोऱ्याची कोणतीही वस्तू तिला आणि समोरचीलाही लागू शकते. देवाचा दोरा काढायला मन होत नसेल तर तो आईने आपल्या पदराला बांधून ठेवावा.

वजनाचं एक. सामने वजनगटाने होतात, म्हणून आधी वजन करतात. वजन कमी भरावं म्हणून मुलींना दोन दिवस उपाशी ठेवणं, पाणी बंद करणं, हे काही ठिकाणी चालतं. वाढत्या वयाच्या पोरीला असं करू देऊ नका. उपाशी, तहानलेली मुलगी मॅटवर चक्कर येऊन पडते. ज्या गटात तिचं वजन बसतं त्याच गटात तिला खेळू द्या. वजन घेताना समोर बाईमाणूस असेल ना, हेही आधी विचारून घ्या.

गार्ड काय करू शकत नाही

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हेड गार्डने जखम आणि सूज कमी होते, पण डोक्याला जोराचा हिसका बसला तर आतला मेंदू हलतो, तो कोणताही गार्ड पूर्ण थांबवू शकत नाही. डोक्यावर लाथ बसल्यावर मुलगी गोंधळली, तिला उलटी झाली, चक्कर आली, दोन दोन दिसायला लागलं, डोकं दुखत राहिलं, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. पदक समोर असलं तरी संपला. लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, एकटीला झोपायला सोडायचं नाही आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत सरावालाही पाठवायचं नाही. "काही नाही, उठ" असं कुणी म्हणालं, अगदी सर म्हणाले तरी, तिथे आईने ठाम राहायचं. हे सांगायला खेळाचं शिक्षण लागत नाही.

तर मैत्रिणींनो, महागड्या नावाची पिशवी नसली तरी चालेल. अंगाला बसलेले, सरावात वापरलेले, स्वच्छ गार्ड हवेत. पुढच्या बैठकीत तीन कामं करून पाहा : गावातल्या किती मुली कोणता खेळ शिकतात त्यांची नावं लिहा, कुणाकडे काय सामान आहे ते वहीत मांडा, आणि सामाईक काय घ्यायचं ते परिपत्रक हातात घेऊन ठरवा. लेकींना त्या बैठकीला बसवा. मार त्यांना लागणार आहे, तर कोणता गार्ड टोचतो हेही त्याच सांगतील.